झोपलेलं बाळ उठलंच नाही, तर पहिल्या काही तासांत काय व्हायला हवं?

इंदूरच्या हिंदी पेपरांत आतल्या पानावर अधूनमधून चार ओळींची एक बातमी असते. चार महिन्यांचं बाळ, कधी सात महिन्यांचं. रात्री दूध पाजून झोपवलं, सकाळी उठलंच नाही. घरचे उचलून दवाखान्यात धावले, डॉक्टरांनी तपासून मृत्यू झाल्याचं सांगितलं. शेवटचं वाक्य ठरलेलं असतं : पुलिस ने मर्ग कायम कर जांच शुरू की. त्या तपासातून काय निघालं हे मात्र मी क्वचितच वाचलं आहे. ज्या घरात हे घडतं तिथे उत्तरं त्याच दुपारी तयार होतात. दूध अडकलं असेल. आईची झोपच गाढ. कुणाची तरी दृष्ट लागली. मग ती आई पुढची तीस-चाळीस वर्षं त्यातलं एखादं उत्तर मनात घेऊन जगते.

मर्ग म्हणजे अनैसर्गिक किंवा कारण न कळलेल्या मृत्यूची पोलिसांकडची नोंद. महाराष्ट्रात आकस्मिक मृत्यूची नोंद म्हणतात तीच. मर्ग म्हणजे गुन्हा दाखल होणं नव्हे, एवढं आधी लक्षात घेऊ.

अशा घरी सगळ्यांत आधी पोचणारी माणसं कोण? १०८ रुग्णवाहिकेचे कर्मचारी, बीटचा शिपाई, दवाखान्यात ड्यूटीवर असलेला तरुण डॉक्टर. त्यांनी काय पाहिलं, काय विचारलं आणि कोणत्या सुरात विचारलं, यावर खरं कारण कधी कळणार की नाही हे बरंचसं ठरतं. अमेरिका-ब्रिटनमध्ये या लोकांना नेमक्या याच प्रसंगासाठी वेगळं प्रशिक्षण देतात. त्यात काय शिकवतात आणि आपल्या इंदूर शहराला त्यातलं काय घेता येईल, ते पाहू.

कारण सापडलं नाही, की शोधलंच नाही?

एक वर्षाच्या आतलं, वरवर निरोगी दिसणारं बाळ झोपेत अचानक जातं. पूर्ण शवविच्छेदन होतं, बाळ जिथे गेलं ती जागा तपासली जाते, बाळाच्या आणि घरच्यांच्या आजारांचा इतिहास पाहिला जातो, आणि तरीही कारण मिळत नाही. अशा मृत्यूला वैद्यकात ‘सिड्स’ म्हणतात. हे नाव १९६९ पासून चालत आलं आहे. असे मृत्यू दोन ते चार महिन्यांच्या वयात सर्वाधिक होतात, आणि नव्वद टक्के सहा महिन्यांच्या आत. वर्षावरच्या मुलांतही कारण न सापडणारे मृत्यू होतात, पण ते फार विरळ.

यातली मेख व्याख्येतच आहे. ‘कारण नाही’ असं म्हणण्याआधी तिन्ही तपास झालेले असावे लागतात. घरातली वीज गेली आणि वायरमनने खांब, मीटर, फ्यूज, वायरिंग सगळं पाहून ‘दोष दिसत नाही’ म्हटलं, तर त्या वाक्याला किंमत आहे. तो दारातूनच परत गेला आणि तेच म्हणाला, तर काहीच कळलेलं नसतं. आपल्याकडचे बरेचसे ‘अज्ञात कारण’ या दुसऱ्या जातीचे आहेत, असं मला वाटतं. भारतात २०२० साली नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं होतं. बाकीच्यांत कारणाचा रकाना कुणी, कशाच्या आधारावर भरला असेल, याचा अंदाज आपला आपण करायचा.

शिवाय नुसतं शवविच्छेदन या बाबतीत अपुरं पडतं. सिड्सने गेलेलं बाळ आणि मऊ उशीत नाक दबून गुदमरलेलं बाळ टेबलावर अगदी सारखं दिसू शकतं. फरक सांगते ती झोपण्याची जागा. ती पाहायला कुणी गेलंच नाही, तर कितीही हुशार डॉक्टर असला तरी त्याला सांगता येत नाही.

अंगावरच्या खुणा फसवतात

प्रशिक्षणाचा पहिला भाग असतो डोळ्यांचा. नवख्या माणसाला मेलेल्या बाळाच्या अंगावर जे दिसतं, त्यातलं बरंच त्याला मारहाणीसारखं वाटतं.

हृदय थांबलं की रक्त खालच्या बाजूला उतरून साठतं. बाळ पाठीवर असेल तर पाठीवर, पालथं असेल तर छातीवर आणि चेहऱ्यावर जांभळट-लाल डाग उमटतात. अर्ध्या-एक तासात ते दिसू लागतात आणि साधारण आठ ते बारा तासांत पक्के होतात. ज्याला माहीत नाही तो पंचनाम्यात लिहितो, ‘पाठीवर मुका मार’. ज्याला माहीत आहे तो त्याच डागांवरून सांगतो की बाळ बराच वेळ उताणं होतं, आणि घरच्यांचं म्हणणं त्याच्याशी ताडून पाहतो.

आपल्या बऱ्याच बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर जन्मतःच निळे-करडे चट्टे असतात. मालिश करणाऱ्या बाईला ते ठाऊक असतात, पण तरुण शिपायाला ठाऊक असतीलच असं नाही. नाकातोंडातून गुलाबी फेस येणं हेही अशा मृत्यूंत नेहमीचं. तो विषाचा किंवा गळा दाबल्याचा पुरावा असतोच असं नाही.

आणि दूध. श्वासनलिकेत दूध सापडलं की घरात, दवाखान्यात, कधी अहवालातही एकच वाक्य उमटतं : दूध अडकून मृत्यू. पण जीव जाताना किंवा गेल्यावर, छाती दाबून बाळाला वाचवण्याची धडपड चालू असताना पोटातलं दूध वर येऊन श्वासनलिकेत उतरतं, हे फार सर्रास घडतं. नुसतं दूध सापडलं म्हणून दुधाने जीव घेतला असं म्हणता येत नाही. हे एक वाक्य प्रत्येक ड्यूटी डॉक्टरला पाठ असावं. कारण ‘दूध अडकलं’ याचा घरात अर्थ होतो, ‘पाजताना हिचं लक्ष नव्हतं’.

याउलट काही खुणा सहज निसटतात. शेगडी किंवा गॅस गीझरच्या विषारी वायूने, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडने, गेलेल्या माणसाच्या अंगावरचे डाग चेरीसारखे लालगुलाबी असतात. सावळ्या अंगावर ते दिसत नाहीत. नखं आणि ओठांची आतली बाजू पाहावी लागते. विजेच्या धक्क्याने बोटावर दाण्याएवढा पांढुरका डाग राहतो, आणि हात ओला असेल तर तोही राहत नाही.

घर काय सांगतं

परदेशातला प्रश्नांचा नमुना जसाच्या तसा इथे आणला तर निम्मे प्रश्न वाया जातील. तिथे पाळण्यातल्या गादीचा प्रकार विचारतात. इंदूरच्या सुदामानगरातल्या किंवा राजेंद्रनगरातल्या घरात विचारायचं वेगळं असतं.

समजा डिसेंबर आहे. बाळंतिणीची खोली, खिडक्या बंद, खाटेखाली शेगडी, संध्याकाळी ओव्याची धुरी. बाळाला कानटोपी, दुपटं, वरून गोधडी. डोक्याचा आकार गोल व्हावा म्हणून मोहरीची उशी. यातली प्रत्येक गोष्ट आजीने मायेने केलेली असते आणि प्रत्येक गोष्टीची नोंद व्हायला हवी. शेगडी पेटती होती का? खिडकीची फट किती? बाळ उशीवर होतं की उशीच्या कडेला घसरलं होतं? अंगावर किती थर होते? साडीची झोळी बांधलेली असेल तर तिची गाठ कुठे होती, उंची किती होती, आणि मोठं भावंड तिच्याशी खेळत होतं का?

समजा एप्रिल आहे. माळव्यात वर्षाचे गहू घरात येतात. कोठीत कीड लागू नये म्हणून कुणी सल्फासच्या गोळ्या ठेवतं. त्या ओलसर हवेत फॉस्फिन नावाचा जहरी वायू सोडतात, आणि एका खोलीच्या घरात कोठी निजायच्या जागेलाच लागून असते. आधी धाकटं मूल ओकतं, मग थोरलं, मग आई. दवाखान्यात सगळ्यांना बाहेरच्या खाण्याची बाधा समजून सलाईन लावतात. ‘घरात आणखी कुणाला उलट्या झाल्या का, आणि धान्यात काय टाकलंय?’ हे दोन प्रश्न तिथे दारातच विचारले गेले, तर उरलेल्या मुलांना वेळेवर बाहेर काढता येतं.

मे महिन्यात कूलर पाहायचा. पत्रा, पाणी, उघडी वायर, अर्थिंग नाही.

पावसाळ्यात मण्यार. हा साप रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दात इतके बारीक की खूण दिसत नाही, सूज नाही, फारशी वेदना नाही. पहाटे मूल पोट दुखतंय म्हणतं, पापण्या मिटू लागतात, मग श्वास थांबतो. तान्ह्या बाळाला तर तेही सांगता येत नाही. जमिनीवर अंथरूण होतं का, घराला लागून विटांचा किंवा लाकडाचा ढीग आहे का, रात्री मूल एकदम रडून उठलं होतं का, हे विचारल्याशिवाय असा मृत्यू कायम ‘अज्ञात’च राहतो.

आणि सगळ्यांत नाजूक प्रश्न : बाळ शांत झोपावं म्हणून काही चाटवलं होतं का? मंदसौर, नीमच, रतलाम हा अफूच्या लागवडीचा पट्टा आपल्याला लागूनच आहे. तान्ह्या मुलाला अफूचा कण देऊन झोपवायची चाल जुनी आहे. आता तिची जागा बऱ्याच घरांत सर्दी-खोकल्याच्या औषधाने घेतली आहे. हा प्रश्न दरडावून विचारला की उत्तर हमखास ‘नाही’ येतं. प्रशिक्षणात शिकवतात की असे प्रश्न सगळ्यांना विचारतो तसेच विचारायचे : ‘गेल्या दोन दिवसांत बाळाला पोटात काय काय दिलं, औषध, गुटी, घुटी, मध, सगळं सांगा.’ मग बाटली पाहायला मागायची, रिकामी असली तरी.

अशा साध्या प्रश्नाचं मोल किती असतं याचं उदाहरण बिहारच्या मुजफ्फरपूरचं आहे. तिथे १९९५ पासून दर उन्हाळ्यात पहाटे मुलांना फिट्स यायच्या आणि ती दगावायची. २०१४ च्या हंगामात दोन रुग्णालयांत ३९० मुलं दाखल झाली, १२२ गेली. मेंदूज्वराचा विषाणू शोधून शोधून लोक थकले. शेवटी तपास करणाऱ्यांनी आजारी आणि निरोगी मुलांच्या घरी विचारलं : आदल्या दिवशी काय खाल्लं, रात्री जेवलं का? दिवसभर लिची खाऊन रात्री उपाशी झोपलेल्या मुलांची साखर पहाटे धोकादायकरीत्या उतरत होती, आणि लिचीतली काही द्रव्यं शरीराला साखर बनवू देत नव्हती. उपाय निघाला तो असा : मुलाला रात्री जेवल्याशिवाय झोपू देऊ नका.

बाळाला पाठीवर झोपवा हा जगभर दिला जाणारा सल्लासुद्धा असाच आला. न्यूझीलंड, ब्रिटन, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मृत बाळांच्या घरी जाऊन विचारलं की बाळ कसं झोपवलं होतं. पालथ्या झोपलेल्या बाळांना धोका कितीतरी जास्त निघाला. ब्रिटनने १९९१ मध्ये आणि अमेरिकेने १९९४ मध्ये मोहीम काढली आणि काही वर्षांतच असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. त्या आया-बापांनी आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवसांत दिलेली उत्तरं होती ती.

बाहुली कशासाठी?

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, सीडीसीने, अशा तपासासाठी १९९६ मध्ये एक नमुना तयार केला, २००६ मध्ये तो सुधारला आणि त्यावर देशभर प्रशिक्षण दिलं. त्यात एक गोष्ट पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा आणते. तपास करणारा घरी एक साधी, चेहरा नसलेली बाहुली घेऊन येतो. ज्याने बाळाला झोपवलं त्याला विनंती करतो : कसं ठेवलं होतं, ते या बाहुलीने दाखवता का? मग, सापडलं तेव्हा कसं होतं? दोन्हींचे फोटो काढतात.

कारण साधं आहे. ‘कुशीवर होता’ या शब्दांचे चार अर्थ होतात. तोंड भिंतीकडे की आईकडे? हात अंगाखाली होता का? दुपटं नाकावर होतं की हनुवटीखाली? हे तोंडी सांगताना माणूस घोळतो, रडतो, चुकतो. हाताने दाखवताना शरीराला आठवतं.

पण हे करायला तयारी लागते. आधी समजावून सांगायचं की हे कशासाठी, त्यातून काय कळू शकतं. नकार दिला तर जबरदस्ती नाही, आणि नकाराला अपराधाची कबुली समजायचं नाही. बाहुली शक्यतो त्याच दिवशी, त्याच अंथरुणावर ठेवायची. शेजाऱ्यांची गर्दी असताना नाही. आपल्याकडे एका मयताच्या घरात चाळीस माणसं असतात, तेव्हा खोली रिकामी करून दार लोटून घेणं हेच एक कौशल्य आहे, आणि ते महिला पोलिसाला शिकवावं.

बाहुली नसली तरी गुंडाळलेल्या टॉवेलने भागतं.

बोलायचं कसं

रुग्णवाहिकेतून उतरणाऱ्याचं पहिलं काम जीव वाचवायचं, पुरावा गोळा करायचं नंतर. अंग ताठलेलं नसेल आणि थोडीही आशा असेल तर छाती दाबणं आणि श्वास देणं सुरू : एकटा असेल तर तीस दाब, दोन श्वास, दोघं प्रशिक्षित असतील तर पंधराला दोन. बाळ उचलताना ते कसं होतं हे नजरेत टिपून ठेवलं तरी पुरे. नंतर दोन ओळी लिहायच्या : किती वाजता पोचलो, अंग गरम होतं की गार, खोली किती उबदार वाटली, कसला वास येत होता. हे दुसरं कुणीच पुन्हा पाहू शकत नाही.

मग शब्द. इथल्या मराठी घरात पोलीस येतो तो हिंदीत बोलत. ‘बॉडी कहाँ है? माँ कौन है? सोते में दबा दिया क्या?’ तिसरा प्रश्न विचारला गेला की सासू सुनेकडे बघते. पुढे ती सून जे सांगेल ते स्वतःला वाचवण्यासाठी सांगेल, आणि त्यात तिची चूक नाही. तपासही तिथेच अर्धा मेलेला असतो.

तोच शिपाई असंही विचारू शकतो : ‘दीदी, बच्चे का नाम क्या है?’ आणि मग पुढे प्रत्येक वेळी नावाने. ‘अर्णव को कल रात किसने सुलाया? माताजी, आप भी वहीं थीं?’ आजी मराठीत उत्तर देऊ लागली तर देऊ द्यावं, लिहून घ्यायला कुणीतरी मराठी समजणारं इंदूरच्या कुठल्याही ठाण्यात मिळतं. दोष देणारे ‘का’ टाळायचे. ‘इतक्या वेळ का नाही बघितलं?’ ऐवजी ‘शेवटचं केव्हा पाहिलं?’ आई आणि वडील यांच्याशी वेगवेगळं बोलायचं असतं, पण त्याचं कारण आधी सांगून.

मृत्यू झाल्याचं सांगतानाही आडवळण नको. ‘कोशिश कर रहे हैं’ म्हणत तासभर लटकवून ठेवणं ही दया वाटते, पण ती नसते. मृत्यू झाला आहे, हे स्पष्ट शब्दांत, बसून, एकदाच. मग आईला बाळ मांडीवर घेऊ द्यावं, कुणीतरी जवळ उभं राहून. तपासणी व्हायची असली तरी हे करता येतं. पायाचा ठसा किंवा जावळाची बट हवी का, हेही विचारावं. आपल्याकडे तान्ह्या बाळाला पुरतात, दहन नाही, आणि तेही त्याच संध्याकाळी. त्या घाईत हे विचारायचं राहून गेलं की पुढे कधीच शक्य नसतं.

चुकीचा तपास काय करतो

ब्रिटनमध्ये सॅली क्लार्क या वकील बाईंची दोन बाळं १९९६ आणि १९९८ मध्ये गेली. १९९९ मध्ये त्यांना खुनी ठरवण्यात आलं. एका नामवंत बालरोगतज्ज्ञाने, रॉय मेडो यांनी, न्यायालयात सांगितलं होतं की अशा घरात दोन बाळं नैसर्गिकपणे जाण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. त्यांनी एका मृत्यूची शक्यता ८,५४३ मध्ये एक धरली आणि तिला तिनेच गुणलं. पण एकाच घरातली दोन बाळं म्हणजे तेच आईबाप, तीच रक्तातली आनुवंशिकता, तेच घर. दुसऱ्याला धोका आधीच वाढलेला असू शकतो. शिवाय धाकट्या बाळाच्या शरीरात जंतू सापडल्याचा अहवाल बचाव पक्षाला मिळालाच नव्हता. २००३ मध्ये त्या सुटल्या आणि २००७ मध्ये वारल्या.

ऑस्ट्रेलियात कॅथलीन फोलबिग यांची चार मुलं दहा वर्षांत गेली. २००३ मध्ये शिक्षा झाली. त्यांच्या रोजनिशीतली स्वतःला दोष देणारी वाक्यं कबुली म्हणून वाचली गेली. मूल गमावलेली कुठली आई स्वतःला दोष देत नाही? पुढे दोन्ही मुलींमध्ये हृदयाचे ठोके बिघडवू शकणारा एक जनुकीय बदल सापडला. २०२३ मध्ये त्यांना माफी मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात दोषसिद्धी रद्द झाली. वीस वर्षं तुरुंगात गेली होती.

ब्रिटनने क्लार्क यांच्यासारख्या प्रकरणांनंतर बॅरोनेस हेलेना केनेडी यांच्या समितीकडून २००४ मध्ये नवी पद्धत तयार करून घेतली, २०१६ मध्ये ती सुधारली. पोलीस आणि बालरोगतज्ज्ञ दोघं मिळून घरी जातात, ही तिची मूळ कल्पना.

‘पण पोलीस नरम पडले तर खरा गुन्हेगार सुटेल ना?’

ही भीती खोटी नाही. नकोशी मुलगी उशी दाबून मारल्याच्या घटना आपल्या राज्याला नव्या नाहीत. पण आधी सांगितलं ते आठवा : तसा खून शवविच्छेदनात दिसेलच असं नाही. तो पकडला जातो वेळांच्या विसंगतीतून, डागांच्या जागेतून, बाहुलीने दाखवलेल्या आणि अंगाने सांगितलेल्या स्थितीतल्या फरकातून. शांतपणे, नीट नोंदवलेला तपासच तिथे उपयोगी पडतो. दरडावून मिळालेला जबाब न्यायालयात टिकत नाही आणि निरपराध घराला मात्र उद्ध्वस्त करतो.

‘चिरफाड नको, एवढंसं बाळ’

हा आक्षेप मी मनापासून समजू शकते. कुठल्याही आईला तो विचार सहन होत नाही. तरी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, शवविच्छेदनानंतर टाके घालून, पुसून, कपड्यात बाळ परत मिळतं आणि मांडीवर घेता येतं. दोन, करायचंच असेल तर पूर्ण करावं. विष तपासण्यासाठी अवयवांचे तुकडे मिठाच्या पाण्यात ठेवतात, त्यालाच व्हिसेरा म्हणतात. पण हृदयाची सूज किंवा फुप्फुसाचा आजार सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा तर वेगळे तुकडे फॉर्मेलिनमध्ये लागतात. मिठातले त्या कामाचे नाहीत, आणि फॉर्मेलिनमधले विषासाठी नाहीत. रक्ताचे चार थेंब गाळणकागदावर वाळवून ठेवले तर जन्मजात चयापचयाचे आजारही शोधता येतात. हा कागद काही रुपयांचा असतो. व्हिसेराच तेवढा काढला आणि बाकी राहिलं, तर चिरफाडही झाली आणि उत्तरही नाही मिळालं. न कापता सीटी स्कॅनने तपासण्याची सोय दिल्लीच्या एम्समध्ये २०२१ पासून आहे. ती सगळीकडे यायला वेळ लागेल आणि प्रत्येक कारण तिच्यात दिसत नाही.

‘आपल्याकडे न्यूमोनियाने जास्त मुलं जातात, हे कशाला?’

खरंय. २०२३ मध्ये देशात हजार जन्मांमागे २५ बाळं वर्षाच्या आत गेली, मध्य प्रदेशात ३७. कमी वजन, वेळेआधी जन्म, जंतुसंसर्ग ही मोठी कारणं आहेत. पण नीट नोंद झालेला एक मृत्यू पुढच्या मुलांना वाचवतो, हे याच राज्यात अलीकडे दिसलं. सप्टेंबर २०२५ मध्ये छिंदवाड्याच्या परासियात मुलांची मूत्रपिंडं एकामागून एक निकामी होऊ लागली, बऱ्याच मुलांना नागपूरला हलवलं. दुवा जुळला तो खोकल्याच्या औषधाशी. कोल्ड्रिफ सिरपच्या नमुन्यात तमिळनाडूच्या प्रयोगशाळेला ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकोल हे विषारी रसायन सापडलं, मर्यादा ०.१ टक्क्याची. ऑक्टोबरच्या सुरुवातीला राज्यात बंदी आली, तोवर आणि त्यानंतर मिळून वीसहून जास्त मुलं गेली. पहिल्या दोन-तीन घरांतच कुणी सगळ्या बाटल्या पाहायला मागितल्या असत्या, तर? हा प्रश्न मला सोडत नाही.

इंदूरमध्ये सुरुवात कुठून?

कायदा आड येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार ठाणेदाराने मृतदेहापाशी जाऊन, दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमोर अहवाल करायचा आणि तो चोवीस तासांत जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा. कारणाबद्दल शंका असेल तर शवविच्छेदनाची तरतूदही तिथेच आहे. अडचण अशी की कलमात लिहायला सांगितलं आहे ते जखमा, मोडलेली हाडं, मार आणि कुठल्या हत्याराने. झोपेत गेलेल्या बाळाच्या अंगावर यातलं काहीच नसतं, मग कागद कोरा राहतो. न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर यायची सक्ती नव्या कायद्यात आहे, पण ती सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना. मर्गला नाही. म्हणून पहिल्या भेटीतला शिपाईच सगळं ठरवतो.

दुसरीकडे आरोग्य खात्याकडे २०१४ पासून बालमृत्यू आढाव्याची पद्धत आहे. पाच वर्षांखालचं मूल गेलं की आशाताईने कळवायचं, मग घरी जाऊन विचारपूस. म्हणजे एक कागद ठाण्यात आणि दुसरा आरोग्य खात्यात, दोन वेगळ्या माणसांच्या हातात, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. हे दोन कागद एका टेबलावर आणणं हे पहिलं काम. इंदूरकडे एमजीएम वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचा न्यायवैद्यक विभाग आहे, एमवाय या सरकारी रुग्णालयाला लागून चाचा नेहरू बाल रुग्णालय आहे. इथले बालरोगतज्ज्ञ, ठाण्यांतले उपनिरीक्षक, १०८ चे कर्मचारी आणि आशाताई यांना दोन दिवस एका खोलीत बसवायचं, एक बाहुली, एक तापमापक आणि माळव्याच्या घरांसाठी बेतलेला दोन पानी प्रश्ननमुना द्यायचा. यासाठी नवी इमारत लागत नाही.

ज्यांच्या घरी हे घडलं आहे त्यांच्यासाठी

पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाची प्रत मागा. व्हिसेरा प्रयोगशाळेत गेला असेल तर त्याचा क्रमांक लिहून ठेवा, निकाल यायला महिने लागतात आणि मागितल्याशिवाय कुणी घरी आणून देत नाही. अहवाल घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे बसा आणि प्रत्येक ओळ समजावून घ्या. ‘श्वासनलिकेत दूध’ असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ काय होतो आणि काय होत नाही, हे बाळाच्या आजीसमोर त्यांच्याच तोंडून ऐका.

कुटुंबात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, पोहताना किंवा धावताना कुणाला भोवळ आली असेल, तर तेही सांगा. हृदयाच्या ठोक्यांचे काही आजार रक्ताच्या नात्यात उतरतात आणि उरलेल्या भावंडांत लपलेले असू शकतात. आईवडील आणि भावंडं, सगळ्यांचा ईसीजी काढून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, आणि दोष सापडला तर बऱ्याचदा रोजच्या गोळ्यांनी मुलाला सांभाळता येतं.